तुपाचा रंग

आमच्या गोठ्यात गव्हाणीच्या वर एक फळी ठोकलेली आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात त्या फळीवर एवढा ऐवज होता: पाच लिटरचा कॅल्शियमचा कॅन, त्याच्या शेजारी अ, ड३ आणि बी१२ असलेलं लाल रंगाचं टॉनिक, 'लिव्हर टॉनिक' म्हणून आणलेली एक बाटली, मिनरल मिक्श्चरची उघडी पिशवी (तोंडाला सुतळी), खूर मजबूत करणारी पावडर आणि जिच्यावरचं लेबल पार उडून गेलंय अशी एक डबी. अप्पांना विचारलं, यात काय आहे? म्हणाले, "चांगलं हाय ते. डेअरीवर दिलं."

मी तेव्हा घरून काम करत होते. सकाळी साडेदहाला स्टँड-अप, त्याआधी गोठा. पुण्यात चार वर्षं काढल्यावर माण तालुक्यात परत येऊन राहण्याची ती माझी पहिलीच लांबलचक वेळ. चार गायी होत्या, सगळ्या एचएफ क्रॉस. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी जमा व्हायचे आणि त्यातली एक मोठी रक्कम या फळीवर चढून बसायची. मी तीन महिन्यांच्या पावत्या जुळवल्या. महिन्याला सरासरी अठ्ठावीसशे रुपये. ज्या घरात मी इंजिनिअरिंगला असताना मेसचं बिल दोन हप्त्यांत भरलं जायचं, त्या घरात.

ही फळी भरायला लागली ती २०१९ नंतर. त्या वर्षी आमच्याकडे प्यायलाच पाणी नव्हतं, तिथे चारा कुठला. अप्पांनी गायी म्हसवडकडच्या चारा छावणीत नेल्या आणि अडीच महिने स्वतःही तिथेच राहिले. ऊस, उसाचं वाढं, थोडी पेंड यावर जनावरं जगली, आणि जगली हीच मोठी गोष्ट होती. मी तेव्हा पहिल्या नोकरीत नवी होते, एकदाच जाऊन आले. पाऊस पडल्यावर गायी घरी आल्या, पण पुढच्या वर्षभरात एक गाय सातव्या महिन्यात गाभडली आणि दुसरीचा जार अडकला. अप्पांनी त्यातून एकच निष्कर्ष काढला: जनावराच्या अंगात काहीतरी कमी पडलंय. तो चुकीचा नव्हता. फक्त 'काहीतरी' म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितलं नाही. जे सांगायला आले ते विकायला आलेले होते.

तर मी वाचायला बसले. माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट दोन संध्याकाळी वाचली की ती मला समजली असं मला वाटतं. आमच्या धंद्यात हा रोग बऱ्याच जणांना आहे.

पहिल्याच संध्याकाळी एक फार सुंदर गोष्ट कळली. गायीच्या पोटाचा पहिला कप्पा, म्हणजे रुमेन, ही जवळजवळ एक आंबवणीची टाकी असते. तिच्यातले सूक्ष्मजीव चारा फोडता फोडता ब गटातली जीवनसत्त्वं आणि के जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. क जीवनसत्त्व गायीचं यकृत बनवतं. बी१२ साठी सूक्ष्मजीवांना फक्त चिमूटभर कोबाल्ट लागतं. म्हणजे धडधाकट मोठ्या गायीला रोज बी-कॉम्प्लेक्स पाजणं हे विहिरीत घागरीने पाणी ओतण्यासारखं. अपवाद आहेत. लहान वासराचं रुमेन सुरू झालेलं नसतं, त्याला हे सगळं बाहेरून लागतं. भरपूर दूध देणाऱ्या गायींना बायोटिन काही महिने सलग दिलं तर खुरांना फायदा होतो, असे प्रयोग झालेले आहेत. पण आमच्या लाल टॉनिकच्या लेबलवरची अर्धी यादी गाय स्वतःच बनवत होती आणि आम्ही तीच विकत घेत होतो.

दुसऱ्या संध्याकाळी अ, ड आणि ई. ही चरबीत विरघळणारी. जास्त झालेलं ब गटातलं जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं, अ आणि ड मात्र शरीरात साठतात आणि म्हणून जास्त झाली तर बाधतात. ड फार झालं तर कॅल्शियम हाडांऐवजी रक्तवाहिन्या, हृदय आणि मूत्रपिंडात बसायला लागतं. मी एक शीट बनवली. अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या २००१ च्या पुस्तकात दुधाळ गायीसाठी दर किलो वजनामागे अ जीवनसत्त्वाचे ११० आणि ड चे ३० युनिट असा हिशोब दिलेला आहे. साडेचारशे किलोची गाय धरली तर अ चे दिवसाला साधारण पन्नास हजार युनिट. आकडा केवढा मोठा वाटतो! वजनात केला तर पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे चार-पाच मोहऱ्यांच्या वजनाएवढा. मग गोळी पेंडीतलं, मिनरल मिक्श्चरमधलं, टॉनिकमधलं आणि मधून मधून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनातलं, लेबलवर छापलेलं सगळं अ जीवनसत्त्व बेरजेत घातलं. गरजेच्या अडीचपट आलं.

आता खरं सांगायचं तर अडीचपट हा काही धोका नव्हता. गायीसाठी अ ची सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा कोरड्या खाद्याच्या दर किलोला ६६,००० युनिट आहे. दिवसाला दहा-बारा किलो कोरडं खाद्य खाणारी गाय त्या मर्यादेपासून मैलभर लांब होती. पण मी अप्पांना ते सांगितलं नाही. मी 'अडीचपट' हा शब्द सांगितला, आणि 'साठतं' आणि 'बाधतं' हे दोन शब्द सांगितले. वाद जिंकायचा होता.

"अप्पा, हे सगळं बंद करा. ओला चारा आहे ना? त्यात सगळं असतं. आणि ही तयार गोळी पेंड पण सोडा, सरकी पेंड, गव्हाचा भुसा आणि भरडा घरी मिसळू. पोत्यामागे किती वाचतात बघा." मी लॅपटॉप फिरवून त्यांच्यासमोर धरला.

अप्पा शीटकडे बघत राहिले. त्यांना हिरवे-लाल रंग कळले असावेत. "तू शिकलीयस," एवढंच म्हणाले. हे वाक्य आमच्या घरात कौतुकाचंही असतं आणि माघारीचंही. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

फळी रिकामी झाली. मिनरल मिक्श्चर तेवढं राहिलं, तेही जीवनसत्त्व नसलेलं, स्वस्तातलं. आणि पुढचं वर्षभर काहीही झालं नाही. दूध कमी झालं नाही, फॅट उतरली नाही, दोन गायी व्यवस्थित व्याल्या. मी पुण्याला परत गेले आणि ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर हा किस्सा दोन-तीनदा तरी रंगवून सांगितला. शेतकऱ्याला कसं लुटतात वगैरे. लोकांना फार आवडायचा.

मग २०२३ चा पावसाळा आला. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, हे मी बातम्यांत वाचलं. माणमध्ये त्यासाठी बातम्या लागत नाहीत. दिवाळीनंतर बांधावरचं गवत संपलं, जानेवारीत लसूणघासाचा वाफा वाळला. मग कडबा. विकतचा, उन्हात पडून पांढरा फटक झालेला. त्यावर सरकी पेंड आणि गव्हाचा भुसा, माझ्या शीटप्रमाणे.

फेब्रुवारीत कधीतरी आई फोनवर म्हणाली, "अगं, तूप पांढरं पडतंय यंदा." मी म्हटलं, विरजण बदललं असेल. मार्चच्या शेवटी म्हणाली, चंद्री संध्याकाळी हौदाला अडखळते, परवा दाव्यात पाय गुंतवून पडली. चंद्री तेव्हा आटवलेली होती, सातवा संपून आठवा लागला होता. मी म्हटलं, पोटाला जड झाली असेल. माझी एक रिलीज होती त्या आठवड्यात.

मे महिन्यात चंद्री व्याली. कालवड झाली. नऊ महिने नऊ दिवसांना दहा-बारा दिवस कमी होते. अप्पांनी व्हिडिओ पाठवला. कालवड उभी राहिली, थरथरत दोन पावलं चालली आणि सरळ खांबाला धडकली. मागे सरली, पुन्हा तिकडेच गेली, पुन्हा धडकली. डोळे टपोरे उघडे, काळेभोर, भर उन्हातही बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या. व्हिडिओत अप्पांचा आवाज नाही. त्यांचा हात मध्ये येतो आणि खांब आणि कालवडीचं कपाळ यांच्यामध्ये थांबतो.

मी दुसऱ्या दिवशी गावी होते. डॉक्टरांनी कालवडीच्या डोळ्यांपुढे हात हलवला, बॅटरी मारली, मग चंद्रीकडे वळले. चारा काय, किती महिने, हिरवं शेवटचं कधी खाल्लं. रात्री नीट दिसतं का हेही विचारलं. आईने हौदाचं सांगितलं. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, अ जीवनसत्त्वाची कमतरता वाटते. वासरं आंधळी जन्मण्याला दुसरीही कारणं असतात, एक विषाणूजन्य आजारही आहे, त्यामुळे शंभर टक्के कोणी सांगू नये. चंद्रीला इंजेक्शन दिलं, कालवडीलाही दिलं. चंद्री तीन-चार आठवड्यांत अंधारात नीट चालायला लागली. कालवड नाही.

यामागचं कारण मी नंतर शोधलं, आणि यावेळी दोन संध्याकाळींवर भागवलं नाही. डोळ्याच्या पडद्याला अंधुक प्रकाशात बघायला जो रंगपदार्थ लागतो तो अ जीवनसत्त्वापासून बनतो. तो कमी पडला की रातांधळेपणा येतो आणि पुरवठा सुरू झाला की जातो. चंद्रीचं ते झालं. गर्भात मात्र अ जीवनसत्त्व हाडांच्या वाढीलाही लागतं. ते नसेल तर कवटीत डोळ्याची नस ज्या भोकातून मेंदूकडे जाते ते भोक अरुंद राहतं आणि नस चेपली जाते. जन्मल्यावर कितीही इंजेक्शनं द्या, हाड मागे सरत नाही.

आणि मग ती दोन वर्षं. काहीच कसं झालं नव्हतं? कारण गाय अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात करते आणि तो साठा दोन ते चार महिने पुरतो. हिरव्या चाऱ्यातलं बीटा-कॅरोटीन हा तिचा अ चा मुख्य झरा, आणि पाऊस चांगला असला तर तो झरा आटतच नाही. माझा सल्ला जून ते डिसेंबर बरोबर होता. मी तो बारा महिन्यांचा म्हणून दिला. कडबा वाळताना उन्हाने त्यातलं कॅरोटीन जवळजवळ सगळं जातं. गंमत म्हणजे तेच ऊन वाळल्या चाऱ्यात ड जीवनसत्त्व तयार करतं आणि गायीच्या कातडीतही. त्यामुळे उघड्यावर बांधलेल्या आमच्या गायींना ड ची चिंता जवळपास नव्हतीच. टॉनिकच्या डब्यावर अ आणि ड३ जोडीने छापलेली असतात, म्हणून मी ती जोडीने काढून टाकली. दोघांची गोष्ट उलटी आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आईच्या तुपाचंही तेच. गाय सगळ्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करत नाही, थोडं तसंच स्निग्धांशात उतरतं, म्हणून गायीचं तूप पिवळं. म्हैस जवळजवळ सगळंच बदलून टाकते, म्हणून तिचं पांढरं. गायीचं तूप पांढरं पडतंय म्हणजे चाऱ्यातलं कॅरोटीन संपलंय. व्यायच्या तीन महिने आधी आईने मला प्रयोगशाळेचा रिपोर्ट वाचून दाखवला होता आणि मी तो विरजणावर ढकलला.

या सगळ्या वाचनात मला एक जुना प्रयोग सापडला आणि तो वाचून मी रात्री बराच वेळ बाहेर ओट्यावर बसले होते. १९०७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सोळा कालवडी घेतल्या. चार गट केले. एकाला फक्त मक्याच्या रोपापासून केलेलं खाद्य, एकाला फक्त गव्हाचं, एकाला ओटचं, चौथ्याला तिन्हींचं मिश्रण. रासायनिक तपासणीत चारही खाद्यं सारखी होती, प्रथिनं तेवढीच, ऊर्जा तेवढीच. त्या काळच्या शास्त्रानुसार चारही गट सारखेच वाढायला हवे होते. मक्यावरच्या कालवडी तुकतुकीत राहिल्या, त्यांची वासरं दिवस भरून आणि धडधाकट जन्मली. गव्हावरच्या आंधळ्या होत गेल्या, त्यांची वासरं वेळेआधी आणि मेलेली किंवा मरायला टेकलेली. हे निष्कर्ष १९११ मध्ये छापले गेले. त्या गटात एल्मर मॅकॉलम नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ होता. खाद्यात असं काय आहे जे आपल्या तपासणीत दिसत नाही, हा प्रश्न घेऊन तो उंदरांकडे वळला आणि १९१३ मध्ये त्याने आणि मार्गरीट डेव्हिसने लोण्यातला आणि अंड्याच्या बलकातला तो पदार्थ दाखवून दिला, ज्याला पुढे अ जीवनसत्त्व हे नाव पडलं. म्हणजे हे जीवनसत्त्व माणसाला सापडलं त्याची सुरुवातच गायींच्या गव्हाणीत झाली, गव्हावर पोसलेल्या गायी आणि आंधळेपणा यातून. आणि शंभरेक वर्षांनी मी चंद्रीसाठी गव्हाचा भुसा, सरकी पेंड आणि कडबा असा मेनू लिहून दिला होता. माझ्या शीटमध्येही प्रथिनं आणि ऊर्जा बरोबर होती. सगळे टेस्ट पास.

बरं, मग टॉनिकवाले बरोबर होते का? नाही. माझी बेरीज दुसऱ्या बाजूनेही फसवी होती, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. लेबलवरचा आकडा हा कारखान्यातून निघतानाचा आकडा असतो. अ जीवनसत्त्व उष्णता, दमट हवा, उजेड आणि ऑक्सिजन यांनी नासतं. त्यावर लेप देऊन बारीक दाणे करतात ते त्यासाठीच. मिनरल मिक्श्चरमध्ये त्याला तांबं, लोह, जस्त यांच्या क्षारांशेजारी ठेवलं की ते आणखी लवकर मोडतं. आमची सुतळी बांधलेली पिशवी पत्र्याखाली आठ महिने उघडी होती. मे महिन्यात त्या पत्र्याखाली हात लावला तर भाजतो. त्यात किती अ उरलं असेल? लाल टॉनिक पारदर्शक कॅनमध्ये उन्हात. म्हणजे अप्पा अठ्ठावीसशे रुपयांत नक्की काय विकत घेत होते, हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि 'अडीचपट' म्हणणाऱ्या मलाही नव्हतं. शिवाय घरी मिसळताना शंभर किलोत शंभर ग्रॅम पावडर नुसती वरून भुरभुरली तर एका गायीला मूठभर आणि दुसरीला काहीच नाही असं होतं. आधी दोन-तीन किलो भरड्यात ती नीट मळायची, मग ते वाढवत न्यायचं. आई हळद-मिठाचं असंच करते.

'जास्त दिलं तर काय बिघडतं' हेही मी शोधून पाहिलं, कारण आता घाबरून सगळंच पुन्हा सुरू करायची अप्पांची तयारी होती. ई जीवनसत्त्व साधारण निरुपद्रवी मानलं जातं, जार अडकणं आणि कासदाह कमी करायला सेलेनियमबरोबर ते उपयोगीही पडतं. पण नेदरलँड्समध्ये आटवलेल्या गायींना रोज ३००० युनिट ई देऊन एक चाचणी झाली, २०१० मध्ये छापून आली. तिच्यात व्याल्यावर कासदाह कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. आणि अ फार झालं तर ते फक्त जनावरापुरतं राहत नाही. ब्रिटनमध्ये १९९० पासून गरोदर बायकांना कलेजी खाऊ नका असं सांगतात, कारण जनावरांच्या यकृतात साठलेलं अ गर्भाला बाधण्याइतकं असू शकतं. दुधाच्या बाबतीत एवढी भीती नाही, जास्तीचं बहुतेक यकृतातच जातं.

हे सगळं मी अप्पांना सांगितलं. यावेळी लॅपटॉप नव्हता. धार काढून झाली होती, ते चरवी विसळत होते.

"माझ्यामुळे झालं, अप्पा."

"तुझ्यामुळं पाऊस पडला न्हाई?"

"तुम्ही नको म्हणायला पाहिजे होतं मला."

त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तरी कुठं ठाव होतं, त्यातलं कंचं कामाचं हाय. मी आपलं सगळंच घालत होतो. तू सगळंच काढलंस." आणि चरवी उपडी करून ठेवली.

कालवड विकली नाही. आंधळी कालवड घेतो कोण, आणि घेतलीच तर कशासाठी घेईल, हे अप्पांना माहीत होतं. तिचं नाव सोनी. चंद्रीच्या गळ्यात घंटा बांधली, तिच्या आवाजावर सोनी चालायला शिकली. आता दीड वर्षाची झालीय. गोठ्यातला प्रत्येक खांब तिला पाठ आहे. नवीन माणूस आला की कान आधी वळतात, मग मान. अप्पांनी हौदाच्या कडेला जुनं टायर लावून घेतलंय. मी गेले की ती माझा हात चाटते, आणि मला दरवेळी एकच वाटतं, की हिला यातलं काहीच माहीत नाही.

फळीवर आता दोनच वस्तू असतात. एक साधं मिनरल मिक्श्चर, आणि एक अ-ड३-ई ची लहान पुडी, हवाबंद डब्यात, तीही गोठ्यात नाही तर घरात माठाशेजारी. ती फक्त हिरवं संपल्यावर उघडायची आणि गाभण गायींना आधी. तिचं प्रमाण डॉक्टरांनी लिहून दिलंय, मी नाही. गोळी पेंड परत आली आहे. आईच्या तुपाच्या बरण्या आता महिन्याप्रमाणे ओळीने असतात, ऑगस्टची केशरी, मार्चची फिकट, आणि तिला त्यात काय बघायचं ते आधीपासूनच कळत होतं.

परवा मीटिंगमध्ये असताना अप्पांचे व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो आले. पहिला, दुकानाच्या काउंटरवर ठेवलेल्या नव्या पुडीचा. दुसरा, तिच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांचा, हलवलेला. तिसऱ्यात चुकून सोनीचं अर्धं तोंड आलं होतं. खाली व्हॉइस मेसेज: "ही घिऊ का? तारीख कुठं असती बघ."

मी लिहिलं, अप्पा, दुसरा फोटो परत पाठवा. हात स्थिर धरा. तारीख दिसत नाहीये.